पंपाचा फोन व्यस्त लागतो

नागपूरकडे माणसं संत्री आणायला जातात, लग्नाला जातात, फार तर पुढं वाघ बघायला जातात. मी एक पंप बघायला गेले. निघताना शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सांगलीहून एवढं लांब, तेही डिसेंबरच्या थंडीत, आणि बघायचं काय, तर पंप! पण मी जाणारच होते. चूक माझी होती आणि ती टपालानं दुरुस्त होण्यातली नव्हती.

आधी थोडं माझ्याविषयी, म्हणजे पुढचं समजेल. सांगलीत दोन खोल्यांच्या कारखान्यात मी पाण्याच्या पंपांना लावायचे डबे बनवते. डब्यात सिमकार्ड असतं. पंप चालवणाऱ्यानं घरून त्या नंबरला फोन लावला, की पंप सुरू होतो. शिवाय पंप चालू आहे की बंद, करंट किती खातोय, हे आकडे डबा दर पाच मिनिटांनी मोबाइलच्या डेटावरून पाठवत राहतो. असा एक डबा अकरा वर्षांपूर्वी मी खाप्याच्या पुढच्या एका गावाला दिला होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कन्हान नदीवर पंप, तिथून तीन किलोमीटरवर गाव आणि गावात टाकी. पंप चालवतात मंदाबाई. डबा बसवला तेव्हाही त्याच होत्या आणि आजही त्याच आहेत.

पावसाळ्यानंतर तिथल्या सरपंचांचं पत्र आलं. रोज सकाळी सहा ते सव्वासातचे आकडेच येत नाहीत. नेमका पंप चालायचा वेळ कोरा. तालुक्यानं यंदाच आकडे तपासायला घेतलेत आणि विचारणा झाली आहे, तुमचा पंप चालतच नाही का? मी सांगलीत खुर्चीत बसून आलेख पाहिला. बाकी दिवसभर आकडे नीट येत होते. मी उत्तर लिहिलं : "यंत्रात दोष दिसत नाही. पंप चालवणाऱ्या व्यक्तीनं डब्याची वायर काढून ठेवल्यास असं होऊ शकतं." 'शकतं' लिहिलं म्हणजे मी फार जपून लिहिलं, असं मला वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी मंदाबाईंचा फोन आला.

"म्याडम, मी वायर काढते असं तुम्ही लिवलं का?"

"तसं नाही लिहिलं. एक शक्यता..."

"शक्यता म्हणजे काय असते ते मले माईत नाही. शुक्रवारी ग्रामसभा आहे. तुमचा कागद वाचून मले कामावरून काढून राहिले. तुम्ही इथं येऊन पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. फोन ठेवल्यावर आधी मला तिचाच राग आला, माणसाला खरं बोलणारा नेहमी आधी खुपतो. संध्याकाळपर्यंत तो राग फिरून माझ्यावर आला. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. पिशवीत एक नवा फोर-जीचा डबा, लॅपटॉप, सोल्डरिंगची कांडी आणि काकूंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते.

मंगळवार : पाचापासून मागे

नागपूर स्टेशनाबाहेर पोह्यांच्या गाडीवर गर्दी होती. आमच्याकडे पोहे म्हणजे वर खोबरं, कोथिंबीर आणि फार तर शेव. इथं पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. "तर्री किती?" असं विचारल्यावर मी कोल्हापूरच्या शेजारची असल्याच्या ताठ्यात "भरपूर" म्हटलं. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

"बाप्पा! म्याडम, पाणी घ्या आधी," गाडीवाला म्हणाला. "कुठल्या तुम्ही?"

"सांगलीची."

"मंग तिकडं तिखट खात नाही का?"

सांगलीची अब्रू मी तिथंच सोडली आणि खाप्याची बस पकडली. खिडकीतून कपाशीची वेचणी दिसत होती, संत्र्यांचे ढीग दिसत होते, पण माझं लक्ष फोनच्या कोपऱ्यातल्या अक्षरावर होतं. धंद्याची खोड आहे, त्याला इलाज नाही. स्टेशनावर तिथं फाइव्ह-जी होतं. शहर मागं पडल्यावर फोर-जी झालं. आणि गावाच्या अलीकडे रस्ता नदीकडे उतरला तसं एकदम 'ई' हे अक्षर आलं, म्हणजे टू-जी. नव्या फोनवाल्यांना ते ठाऊकही नसेल. माझ्या पिढीनं त्या 'ई'कडे बघत अर्धं आयुष्य वाट पाहिली आहे.

म्हणजे दोन-अडीच तासांत मी वीस वर्षं मागं गेले. माझं पहिलं यंत्र तर त्याहून जुनं होतं. आकडे पाठवायचे तर ते चक्क दुसऱ्या फोनला फोन लावायचं, तीन वेळा लावला की एकदा लागायचा, आणि पैसे मिनिटांवर जायचे. मग एसएमएस आला. 'चालू' आणि 'बंद' एवढे दोनच शब्द पाठवता यायचे, पण पोचायचे. त्यानंतर टू-जीवरच डेटा आला. फोन न लावता जोडणी सतत उघडी आणि जेवढं पाठवाल तेवढंच मोजायचं. त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले होते. पुढं थ्री-जी येणार म्हणून कपाटभर डबे बनवले, तर कंपन्यांनी थ्री-जीच गुंडाळलं. त्यांतला एक डबा आजही आमच्या दाराला अडसर म्हणून लावलेला असतो. टू-जी मात्र टिकलं. नदीकाठचा माझा डबा अजून त्याच्यावरच चालत होता.

थांब्यावर मंदाबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, किरकोळ बांध्याच्या, स्वेटरवर पदर घट्ट खोचलेला, हातात साधा बटणांचा फोन. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझी पिशवी घेतली.

"थकल्या असान. चाला, आधी जेवा. भांडण मंग करू."

घरी गोळाभात केला होता. भातात वाफवलेले बेसनाचे गोळे असतात, ते भातात कुस्करायचे आणि वरून जिरं-मोहरीची गरम फोडणी घ्यायची. जिच्यावर मी कागदातून आरोप केला होता, ती मला वाढत होती आणि "अजून घ्या ना" म्हणत होती. मला घास उतरेना. पण भात इतका सुरेख होता की शेवटी उतरला.

जेवताना कळलं ते असं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला एक ठेकेदार पंचायतीला नवी पेटी बसवून देणार होता. घड्याळ लावलेली पेटी, आपोआप सुरू आणि आपोआप बंद. माणूसच नको. फक्त आधीच्या माणसाला काढायला कारण हवं होतं, आणि ते माझ्या दोन ओळींनी पुरवलं होतं.

"मानधन गेलं तं शेतात जाईन," मंदाबाई म्हणाल्या. "पण वायर काढते म्हणून काढली, हे नाव घेऊन मी या गावात कशी राहू?"

बुधवार : हिरवा दिवा, लाल दिवा

पहाटे साडेपाचला आम्ही नदीवर होतो. उजाडायच्या बेतात होतं. कन्हानचं पाणी हिवाळ्यात अंग चोरून एका बाजूनं वाहतं आणि उरलेल्या पात्रात वाळू. कृष्णाकाठी वाढलेल्या मला एवढी वाळू बघून तहान लागली. पंपघराचं कुलूप काढलं. भिंतीवर माझा डबा, अकरा वर्षांच्या धुळीनं माखलेला. वायर जागेवर होती आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं. रोज काढल्या जाणाऱ्या वायरवर कोळी घर बांधत नाही. एवढं बघूनच मला मान खाली घालावीशी वाटली. पण कोळ्याची साक्ष ग्रामसभेत चालत नाही.

डब्याला दोन दिवे आहेत. हिरवा लुकलुकला की आकडे जाताहेत, लाल लागला की फोन चालू आहे. बरोबर सहाला मंदाबाईंनी आपल्या फोनवरून नंबर लावला. पंप घरघरला, नळीत पाणी चढलं. लाल दिवा लागला आणि विझला. हिरवा दिवा लुकलुकणार, एवढ्यात लाल पुन्हा लागला.

"पुन्हा लावला का तुम्ही?"

"मी काहून लावू? हा पाहा, फोन पिशवीत आहे."

लाल विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला, पुन्हा लागला. हिरव्याला डोकं वर काढायला जागाच नव्हती. मी लॅपटॉप जोडला आणि येणारे नंबर पडद्यावर आणले. रांगच लागली होती. मंदाबाईंनी आपला फोन काढून एकेक नंबर ताडून पाहिला.

"ही शेवंता. ही आमची जाऊ. हा देवळाजवळचा न्हावी. ही पुन्हा शेवंता."

"हे लोक पंपाला फोन का लावतात?"

मंदाबाईंना माझ्याच अकलेची काळजी वाटली असावी. "ऐकाले ना, ताई! नळ आले का नाही, ते पाहाले."

आणि मग सगळं लख्ख उजाडलं. अकरा वर्षांपूर्वी मी डब्यात एक मायक्रोफोन बसवला होता. पंप चालू करताना त्याचा आवाज ऐकू यावा, पाणी न ओढता नुसता फिरत असेल तर कळावं, म्हणून. पंप मंदाबाईंच्याच फोननं सुरू व्हायचा, पण आवाज कुणालाही ऐकू येईल, हे मी मोकळं ठेवलं होतं. आधीच्या सरपंचांनी तो नंबर पांढऱ्या रंगात टाकीवरच लिहून टाकला. पूर्वी फोनला पैसे पडायचे म्हणून कुणी लावत नव्हतं. गेल्या काही वर्षांत बोलणं फुकट झालं आणि सगळं गाव सकाळी उठून पंपाला फोन लावायला लागलं. घरघर ऐकू आली की हंडे काढायचे, आली नाही तर लाइट गेली समजून चुलीकडे वळायचं.

इथं टू-जीचा स्वभाव सांगितला पाहिजे. टू-जीवरचा असा डबा एका वेळी एकच काम करतो. बोलणं आलं की आकड्यांना थांबावं लागतं. आणि थांबलेले आकडे साठवून ठेवायची सोय मी तेव्हा काटकसर म्हणून केली नव्हती, त्यामुळे ते वाऱ्यावर जात होते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. या विषयावर मी लोकांना शिकवलं आहे. पण सांगलीतल्या पडद्यावर मला कोरी जागा दिसली आणि मी यंत्राचा स्वभाव आठवायच्या आधी माणसाचा स्वभाव ठरवून मोकळी झाले. मी मंदाबाईंना तसं सांगितलं, आणि माफी मागितली. त्या पाण्याच्या नळीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मले सांगून काय फायदा?" त्या म्हणाल्या. "मले तं माईतच होतं. ज्याले कागद पाठवला त्याले सांगा."

सरपंच प्रमोदभाऊ तिशीतले, पदवीधर, हातात फाइव्ह-जीचा फोन. माणूस वाईट नव्हता, तालुक्याच्या विचारणेनं वैतागलेला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्याडम, तुम्ही सांगून राहिल्या ते मले पटलं. पण ग्रामसभेत तुमचा कागद फिरला आहे. आता तोंडी सांगून नाही जमत. शुक्रवारी सकाळचे आकडे मले माझ्या फोनवर दाखवा, सहा ते सव्वासात, एक ठिपका कमी नको. मंग मी ठराव मांडत नाही."

"सोपं आहे," मी म्हणाले. "आत्ताच सगळ्यांचं ऐकणं बंद करून टाकते. एक कमांड पाठवायची की झालं."

"तसं नका करू," मंदाबाई पटकन म्हणाल्या. "बाया साताले वेचणीले निघते. नळाची वाट पाहत कोण बसन? दोन मिनिटं ऐकते, हंडा लावते, कामाले लागते. ते बंद केलं तं सगळ्या माझ्या दाराशी येईन."

म्हणजे ऐकणंही हवं आणि आकडेही हवेत. टू-जीवर ते होणे नाही. फोर-जीवर मात्र बोलणं आणि आकडे शेजारी शेजारी चालतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. माझ्या पिशवीत फोर-जीचा डबा होता. पण त्याला मायक्रोफोन नव्हता, कारण आता आकडे असताना आवाज कशाला, असं मीच ठरवलं होतं. शिवाय नदीवर माझ्या फोनला 'ई'शिवाय काही दिसत नव्हतं. आणि सिम जुनं, टू-जीचंच; नंबर तोच ठेवून ते बदलून घ्यायला हवं होतं. तीन अडचणी, दोन दिवस. मी मनाशी म्हटलं, आता आलेच आहे तर करूनच जाईन.

सिम आधी. खाप्यातल्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "सिम कोणाच्या नावानं आहे?" मी सरपंचांकडे बघितलं, सरपंचांनी फोन करून कुणाला तरी विचारलं. मंदाबाईंनी शांतपणे पदराच्या गाठीतून आधारकार्ड काढलं. सिम त्यांच्या नावावर होतं. अकरा वर्षांपूर्वी पंचायतीचे कागद मिळेनात, तेव्हा त्यांनीच आपला कागद दिला होता. म्हणजे बाईला काढलं असतं आणि तिनं नुसतं 'माझं सिम द्या' म्हटलं असतं, तर टाकीवरचा नंबरच गेला असता. हे त्यांना माहीत होतं का, असं मी नंतर विचारलं. "माईत होतं ना," त्या म्हणाल्या. "पण गावाचं पाणी अडवून आपलं काम वाचवाचं का?" सरपंच दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि गाडी सुरू केली.

अंगठा दिला. उद्यापर्यंत नवं सिम चालू होईल, असं उत्तर मिळालं.

गुरुवार : कामठीचा खण

गुरुवारी सकाळी जुनं सिम मेलेलं होतं आणि नवं जागं झालं नव्हतं. मंदाबाई पाचलाच पायी नदीवर गेल्या आणि हातानं बटण दाबून पंप सुरू केला. मी घरी होते. सव्वासहाला दारात पाच-सहा बायका उभ्या.

"मंदा कुठी गेली वं? पंपाचा फोन बंद येऊन राहिला!"

"नळ आलेत," मी म्हटलं, "जाऊन बघा." त्यांनी परक्या बाईवर विश्वास ठेवला नाही. पंपावर ठेवत होत्या.

मग मी खाप्याहून बसनं नागपूर आणि शेअर ऑटोनं कामठी गाठली. ऑटोत चौघांच्या जागेत सात जण होतो, माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथी होती. कामठीत रफीकभाई असतात. अकरा वर्षांपूर्वी नदीवरचा जुना डबा भिंतीवर ठोकला तो त्यांनीच. आता ते पॉवरलूमची पॅनेलं आणि मोबाइल दुरुस्त करतात. त्यांच्या गल्लीत मागांची खटखट इतकी की दोघांनाही ओरडून बोलावं लागतं.

"अरे दीदी! आओ, बसा. सांगलीहून कामठीला? मशीन बिघडली का आदमी?"

"मी बिघडले," मी ओरडून सांगितलं आणि नवा डबा उघडून समोर ठेवला. मला त्यात मायक्रोफोन हवा होता, आजच.

रफीकभाईंनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत मेलेले फोन गच्च भरलेले. वरच्या थरात फुटक्या काचांचे फोर-जीवाले, त्याखाली थ्री-जीवाले, अगदी तळाला बटणांचे जाड फोन. बसमधून मी अक्षरं वाचत जो प्रवास केला होता तो सगळा या खणात होता. त्यांनी थेट तळात हात घातला आणि एक जाडजूड फोन काढला.

"नये का माइक नाजुक असते," ते म्हणाले. "ये पुराना वाला पंप के बाजू में पण टिकेल."

पहिला मायक्रोफोन मी घाईत उलटा जोडला आणि तो गेला. रफीकभाईंनी माझ्या हातातून कांडी काढून घेतली आणि चहा मागवला. दुसरा त्यांनी जोडला. मग डबा चाचणीच्या सिमवर लावून मी गल्लीच्या टोकाला जाऊन फोन केला. कानात मागांची खटखट आली, आणि लॅपटॉपवर त्याच वेळी आकडेही येत होते. दोन्ही एकदम. मी रस्त्यातच मोठ्यानं "आलं!" म्हणून ओरडले. एका म्हशीनं मान वळवून पाहिलं.

दुपारी उशिरा नदीवर परतले तेव्हा तिसरी अडचण उभीच होती. पंपघरात फोर-जीचा पत्ता नव्हता. मी अँटेना हातात धरून काठानं फिरत होते, टोपी हरवलेल्या माणसासारखी. मंदाबाई थोडा वेळ बघत राहिल्या.

"ताई, काय शोधून राहिल्या?"

"फोर-जी."

"मंग तिकडं काहून फिरता? ते ढिवर लोक जाळं टाकून त्या उंच दरडीवर बसते ना, तिथं व्हिडिओ पाहते. एकही खाली बसून पाहत नाही."

मी दरडीवर चढले. फोर-जी, पूर्ण कांड्यांसह. पंपघरापासून तेवढी उंची गाठायची तर बांबू हवा होता. तो ढिवरांनीच दिला, त्यांचा जाळं वाळवायचा. अंधार पडायच्या आत जुन्याच्या जागी नवा डबा लावला आणि बांबू छपराला बांधून वर अँटेना चढवली. पण नवं सिम अजून मेलेलंच होतं. मी दुकानदाराला चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी त्यानं उचलला नाही.

शुक्रवार : एक ठिपका कमी नको

पहाटे पाचला उठून सिम बघितलं. नाही. साडेपाचला नदीवर पोचून बघितलं. नाही. मी डबा बंद करून चालू केला, देवाचं नाव घेतलं, मग दुकानदाराचं घेतलं, ते छापण्यासारखं नव्हतं. मंदाबाई हातानं पंप सुरू करायला पुढं झाल्या. सहाला दोन मिनिटं कमी असताना हिरवा दिवा लुकलुकला.

"थांबा!" मी ओरडले. "फोननं लावा."

त्यांनी फोन लावला. पंप घरघरला. लाल दिवा लागला आणि शेजारी हिरवा लुकलुकतच राहिला. मग शेवंता, मग जाऊबाई, मग देवळाजवळचा न्हावी. लाल विझत होता, लागत होता, आणि हिरव्याला त्याचं काहीच नव्हतं. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, तर्रीपासून नागपूरकडे माझ्या डोळ्यांची लाज गेलीच होती.

साडेआठला पंचायतीसमोर ग्रामसभा भरली. कळमेश्वरचा ठेकेदारही पेटीचं चित्र घेऊन आला होता. सरपंचांनी माझं पत्र हातात घेतलं, तशी मी उभी राहिले आणि आधी मी बोलते म्हटलं. मी सांगितलं की हे पत्र मी न बघता लिहिलं. वायरला कुणी हात लावला नव्हता. सकाळी सगळं गाव पंपाला फोन लावायचं आणि माझा जुना डबा दोन कामं एकदम करू शकत नव्हता. मंदाबाईंनी काही लपवलं नाही, चूक माझी. एवढं बोलायला मी सांगलीहून आले, असं म्हटलं आणि खाली बसले.

मागून एक बाई म्हणाली, "बाप्पा! म्हणजे आमच्या फोनानं मंदाचं काम जाऊन राहिलं होतं का वं?" सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंतानं पदर तोंडाला लावला.

सरपंचांनी खिशातून फोन काढला. सहा ते सव्वासात, पाच-पाच मिनिटांचे ठिपके, एकही कमी नाही. त्यांनी तो पडदा पुढच्या रांगेत फिरवला. मग माझं पत्र चार घड्या करून मला परत दिलं. "हे तुम्ही घेऊन जा म्याडम. मंदाकाकू आहे तिथंच राहीन. अन् सिम पंचायतीच्या नावानं करून घेऊ, काकू म्हणन तेव्हा." ठेकेदारानं चित्राची गुंडाळी केली आणि चहा घेऊन गेला.

मंदाबाई टाळ्या वाजत असताना उभ्या राहिल्या नाहीत. थांब्यावर मला सोडायला आल्या, पिशवीत संत्री कोंबली, आणि बस दिसल्यावर म्हणाल्या, "ताई, एक सांगू? पुढच्या खेपेले कागद लिवाच्या आधी एक फोन लावत जा. मले नाही लावला तरी चालन. पंपाले लावा."

सांगलीला परतून आता महिना झाला. ते पत्र मी कारखान्यात भिंतीला चिकटवलं आहे. दाराला अडसर म्हणून लावलेला तो थ्री-जीचा डबा उघडून, पुढच्या डब्यांत मायक्रोफोन बसवायचा म्हणून आतली जागा मोजली आहे. आणि रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, चहा गॅसवर ठेवून, मी कन्हानकाठी फोन लावते. आलेख समोर उघडा असतो, तरी लावते. बहुतेक वेळा फोन लागत नाही. पलीकडून बाई सांगते, तुम्ही ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. मी चहा गाळते. गावात नळ आलेले असतात.